पोनीला हाताशी धरून रिंगणात उतरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही इंग्लंडमधल्या श्रॉपशरमध्ये, वेल्सच्या सीमेला अगदी खेटून राहतो. शेजारच्या शेतकऱ्याची एक करड्या रंगाची वेल्श घोडी, फर्न, गेली सहा वर्षं आमची लेक शोमध्ये हाताशी धरून चालवते; याला इथे 'इन-हँड' म्हणतात. मराठी मंडळाच्या गणपतीत हा विषय निघाला की प्रसादाच्या रांगेतच प्रश्न सुरू होतात. दरवर्षी तीच उत्तरं देण्यापेक्षा एकदाची लिहून काढली आहेत. मी स्वतः घोड्यावर बसत नाही. बसायचंही नाही. पण दोरी धरून पळण्यात आता बऱ्यापैकी तरबेज झालो आहे.

इन-हँड म्हणजे नक्की काय? कुणी पाठीवर बसत नाही का?

नाही. खोगीर नाही, स्वार नाही. पोनीला मोहरकी (तोंडात लोखंड नसलेली, डोक्याभोवतीची पट्टी) किंवा लगाम घालून तुम्ही तिच्या डाव्या खांद्याशी चालता, सांगितलं की पळता, सांगितलं की उभं राहता. जज बघतो ती पोनीची बांधणी, तिची चाल, तिची तब्येत आणि ती आपल्या जातीचा नमुना म्हणून किती खरी उतरते ते. बैलपोळ्याला बैल सजवून मिरवतात तसं हे वाटेल, पण सजावट इथे जवळजवळ शून्य. फुलं, गोंडे, झुली विसरा.

'नेटिव्ह पोनी' म्हणजे कोणत्या?

ब्रिटन आणि आयर्लंडच्या डोंगरांत, माळरानांवर आणि बेटांवर शतकानुशतकं राहून टिकलेल्या जाती. शोच्या भाषेत 'माउंटन अँड मूरलँड'. शेटलँड, एक्समूर, डार्टमूर, न्यू फॉरेस्ट, फेल, डेल्स, हायलँड, कॉनेमारा आणि वेल्श ही नेहमीची नावं. वेल्शमध्ये पुन्हा ए, बी, सी, डी असे चार विभाग. उंची 'हँड'मध्ये मोजतात, एक हँड म्हणजे 4 इंच. मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापर्यंत मोजायचं, डोक्यापर्यंत नाही. शेटलँड जास्तीत जास्त 42 इंच. वेल्श सेक्शन ए 12 हँडपर्यंत. न्यू फॉरेस्ट, कॉनेमारा, हायलँड 148 सेंटीमीटरपर्यंत जातात. वेल्श सेक्शन डी, म्हणजे मोठा, दणकट बांध्याचा 'कॉब', याला वरची मर्यादाच नाही, तरी तो नेटिव्हच्या वर्गात बसतो.

पोनी म्हणजे आपलं तट्टू, पण 'तट्टू' हा शब्द आपल्याकडे उगाच हिणवायला वापरतात. भाड्याचं तट्टू वगैरे. पण भीमा-नीरेच्या काठची भीमथडी तट्टं मराठ्यांच्या फौजेनं कुठवर दौडवली हे आठवा. कमी चाऱ्यावर जगणारं, खडकाळ वाटेवर न अडखळणारं छोटं जनावर ही गोष्ट दख्खनला आणि वेल्सला सारखीच कळलेली आहे.

आमच्याकडे पोनी नाही. मग कशाला वाचू?

आमच्याकडेही नाही. इथे 'लोन' ही सर्रास चालणारी पद्धत आहे: मालकी त्यांची, काही दिवसांची किंवा पूर्ण वेळाची देखभाल तुमची. मुलं मोठी झाली, पोनी लहान पडली, विकवत तर नाही, अशी घरं गावोगाव असतात. लेखी करार मात्र करा, शेजारी कितीही गोड असला तरी. नालबंदाचे पैसे कोण देणार, डॉक्टर कोण बोलावणार, शोला न्यायची परवानगी आहे का, हे त्यात हवं. आणि आधी वर्षभर तबेल्यात जाऊन लीद उचला. ज्याला लीद उचलायचा कंटाळा त्यानं शोच्या वाटेला जाऊ नये.

जज नेमकं काय बघतो?

सगळ्यात आधी 'टाइप', म्हणजे शंभर पावलांवरून बघताना ही फेल आहे की वेल्श हे कळलं पाहिजे. प्रत्येक जातीचं अंग तिच्या कामातून आणि हवेतून घडलं आहे. एक्समूरच्या डोळ्यांभोवती फिकट, फुगीर कड असते, तिला 'टोड आय' म्हणतात. पाऊस-बर्फापासून डोळा वाचवायची ती सोय. एक्समूरच्या अंगावर पांढरा ठिपकासुद्धा चालत नाही. शेटलँड आखूड पायांचं आणि अंगानं भरलेलं. 1842 च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये बायका आणि 10 वर्षांखालची मुलं यांना कोळशाच्या खाणीत उतरवायला बंदी आली आणि पुढे बुटक्या बोगद्यांतून गाडे ओढायला ही पोनी खाली गेली. हायलँड डोंगरातून शिकार केलेलं हरीण पाठीवर लादून आणायची. फेल आणि डेल्स उत्तरेत मालाची ओझी वाहायच्या. त्यामुळे फेलची हाडं बारीक असतील तर ती दिसायला कितीही देखणी असो, जज नाक मुरडणार.

मग बांधणी. डोकं मानेला कसं जुळलंय, खांदा मागे कललेला आहे का, पाठ फार लांब तर नाही, पुठ्ठे भरलेले आहेत का, पाय जमिनीला सरळ टेकतात का. खुरांवर तर जज हमखास वाकून बघतो. खूर नाही तर घोडा नाही, हे इथले जुने लोक उठताबसता म्हणतात. शेवटी चाल: पाय सरळ रेषेत पडतात की आत-बाहेर फेकले जातात, मागचा पाय अंगाखाली येतो की मागेच रेंगाळतो.

इथेच धरणाऱ्याचा हात आडवा येतो. पहिल्या वर्षी जजनं फर्नबद्दल सांगितलं, "पुढून येताना वाकडी चालते." नालबंदाला दाखवलं, डॉक्टरला दाखवलं, काही नाही. मग शेतकऱ्यानं माझ्या लेकीचा फोनवरचा व्हिडिओ बघितला आणि फक्त तिच्या मुठीवर बोट ठेवलं. भीतीनं तिनं दोरी इतकी आखडून धरली होती की घोडीचं तोंड डावीकडे ओढलं जात होतं. डोकं वाकडं म्हणजे अंग वाकडं, अंग वाकडं म्हणजे पाय वाकडे. वीतभर दोरी सैल सोडली आणि घोडी सरळ झाली. पुढची सगळी उत्तरं वाचताना ही वीतभर दोरी लक्षात ठेवा.

भोवरे बघतात का? आमचे आजोबा आधी भोवरा बघायचे.

माझेही. सारंगखेड्याच्या बाजारात दत्तजयंतीला आजही घोड्याच्या अंगावर हात फिरवून भोवरे तपासणारे जाणते भेटतात, आणि एका भोवऱ्यापायी सौदा फिसकटतो. इथल्या जजला शुभ-अशुभ काही नाही. पण गंमत अशी की भोवरे कागदावर मात्र येतात. पोनीच्या पासपोर्टमध्ये घोड्याचं रेखाचित्र असतं, त्यात प्रत्येक भोवरा फुलीनं दाखवतात. तो ओळख पटवायला. दोन सारख्या करड्या पोनी शेजारी उभ्या केल्या तर त्याच फुल्यांवरून कोण कोणती ते ठरतं. हे वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे बघतात की."

तयारी कधीपासून करायची?

शो साधारण एप्रिल-मेपासून सप्टेंबरपर्यंत. तयारी आदल्या हिवाळ्यात सुरू होते. थंडीत नेटिव्ह पोनीच्या अंगावर अस्वलासारखी दाट लव येते, ती वसंतात गळते, आणि त्या दिवसांत रोज खरारा करावा लागतो. रबरी खरारा गोल गोल फिरवायचा, मग कडक ब्रश, मग मऊ. मूठभर केस तुमच्या तोंडात जातात, जेवणात सापडतात. चमक या घासण्यातून येते. बाटलीतल्या फवाऱ्यानं येते ती रिंगणात पाऊस पडला की उतरते.

पोनी थोडी गुटगुटीत असली तर शोमध्ये छान दिसते ना?

दिसते, आणि हीच या छंदातली सगळ्यात वाईट सवय आहे. वर्षानुवर्षं गोल गरगरीत पोनींना बक्षिसं मिळत गेली आणि लोकांना चरबी म्हणजे तब्येत वाटू लागली. खडकाळ डोंगरात खुरटं गवत खाऊन जगायला घडलेलं हे शरीर. त्याला सपाट कुरणातलं हिरवंगार, साखरेनं भरलेलं गवत मिळालं की लॅमिनायटिस होतो. खुराची भिंत आतल्या हाडाला ज्या ऊतींनी जोडलेली असते त्यांनाच सूज येते. दुखणं भयंकर असतं, हाड खाली सरकूही शकतं आणि काही पोनींना शेवटी इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागतं.

ओळखायचं कसं: पोनी पुढच्या पायांवर भार द्यायला कचरते, मागे रेलून उभी राहते, कडक जमिनीवर आखडून चालते, वळताना कुरकुरते. खूर गरम लागतो आणि घोट्यापाशी नाडी ठणठण उडते. असं दिसलं की शो रद्द करा, गवतावरून काढा आणि डॉक्टरला बोलवा. वाट बघू नका.

वजन रोखायला आम्ही काय करतो? कुरणाचा छोटासाच पट्टा मोकळा ठेवतो. वाळलं गवत पाण्यात भिजवून देतो, त्यानं काही साखर निघून जाते, आणि ते गोडसर तपकिरी पाणी फेकून द्यायचं. दर पंधरा दिवसांनी वजनाची फीत छातीभोवती लावून आकडा भिंतीवर लिहितो. बारीक व्हायची गरज असलेल्या पोनीला दिवसाला शरीराच्या वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा, हा साधारण हिशोब. फर्न 230 किलोची, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. यापेक्षा खाली स्वतःच्या मनानं जायचं नाही, उपाशी पोनीला दुसरेच आजार होतात. फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत, पण तळहात फिरवला की बोटांना मोजता याव्यात. मानेवरची चरबीची वळकटी कडक लागली तर समजा उशीर होतोय. चंदी आमच्याकडे जवळजवळ नाहीच. तोबरा भरून खाऊ घालायची आपली हौस आवरा.

चालायला आणि उभं राहायला कसं शिकवायचं?

रोज दहा मिनिटं. एका रविवारी दोन तास केलं तर दोघंही वैतागता.

उजव्या हातात दोरी, हनुवटीपासून सुमारे फूटभर खाली. उरलेली दोरी डाव्या हातात घडी घालून. हाताभोवती वेटोळी कधीच गुंडाळायची नाहीत. पोनी बुजून पळाली तर वेटोळं आवळतं आणि बोटं जातात, हे कुणाच्या तरी बाबतीत घडलेलं असतंच. चालायचं पोनीच्या खांद्याशी. पुढे राहून बकरीसारखं ओढलंत की पोनी मान लांबवून मागे रेलते आणि सगळा डौल संपतो. नजर पुढे, जिथे जायचंय तिथे. वळून पोनीच्या डोळ्यांत पाहिलंत की ती थांबते; आता काय, असं विचारते.

दुडकी चाल शिकवताना मागे एक माणूस हवा. तुम्ही 'ट्रॉट' म्हणायचं, ती गेली नाही तर मागच्यानं लांब काठी जमिनीवर नुसती आपटायची. पोनी निघाली की दोरी लगेच सैल. बरोबर केल्याचं बक्षीस म्हणजे ती सैल दोरीच. खिशातून गाजर काढत बसलात तर पोनी तुमचा खिसा चावेल, जजसमोरसुद्धा.

वळायचं नेहमी उजवीकडे, म्हणजे पोनीचं डोकं स्वतःपासून दूर ढकलत. तुम्ही बाहेरून फिरता, ती मागच्या पायांवर तोल ठेवून वळते, आणि तुमच्या पावलावर खूर पडत नाही. डावीकडे अंगावर ओढून घेतलं की पाय चिरडलाच म्हणून समजा.

उभं राहणं सगळ्यात अवघड. पोनीनं चारही पाय टेकून, मान मोकळी ठेवून, कान पुढे करून उभं राहायचं. जजच्या बाजूचे दोन पाय एकमेकांपासून जरा लांब, पलीकडचे दोन जरा जवळ, म्हणजे चारही पाय एका नजरेत दिसतात. जज फिरून दुसऱ्या बाजूला गेला की एक पाऊल पुढे-मागे करून पुन्हा जुळवायचं. आम्ही कोठाराच्या भिंतीशी सुरुवात केली: पाच आकडे मोजेपर्यंत उभी राहिली की पुरे, पुढच्या आठवड्यात दहा. आरसा नसेल तर कुणाला तरी समोर उभं करा. आपल्याला वाटतं छान उभी आहे, समोरच्याला दिसतं की तिनं एक मागचा पाय आराम करायला टेकवलाय.

आवाजाची सवयही हवी. शोमध्ये लाउडस्पीकर, बँड, छत्र्या, मुलांच्या ढकलगाड्या, सगळं असतं. आम्ही अंगणात पुण्याच्या मिरवणुकीतल्या ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावायचो. पहिल्यांदा लांबून, अगदी हळू. आठ-दहा दिवसांनी फर्न ताशाच्या कडकडाटात शांतपणे गवत चघळायला लागली. त्यानंतर इथल्या बँडचं तिला काय वाटणार!

आयाळ कापायची की ठेवायची? वेण्या घालायच्या का?

जातीनुसार बदलतं, आणि इथे चूक झाली तर दुरुस्तीला वर्ष लागतं, म्हणून कात्री हातात घेण्याआधी त्या जातीच्या सोसायटीचे नियम वाचा. फेल, डेल्स, हायलँड, शेटलँड यांची आयाळ, शेपूट आणि टाचांमागची केसांची झालर नैसर्गिकच हवी. ती कापणं म्हणजे जातीची ओळखच कापणं. एक्समूरही असाच, जसा माळरानावर तसा. वेल्श ए आणि बी, न्यू फॉरेस्ट, डार्टमूर यांना थोडं नीटनेटकं करतात: जबड्याखालचे लांब केस, टाचांमागचे विस्कटलेले केस. वेल्शच्या कानामागे कधीकधी एकच बारीक वेणी दिसते. पूर्ण आयाळीच्या गाठी मारणं मात्र नेटिव्हच्या वर्गात नाही. आणि मिशा, कानांतली लव ठेवाच. मिशांनी पोनी अंधारात चाचपते, ते तिचे डोळेच आहेत.

आंघोळ कधी?

आदल्या दिवशी आयाळ, शेपूट आणि पांढरे पाय. पूर्ण अंग धुवायचं तर तीन-चार दिवस आधी, म्हणजे अंगाचं तेल परत येतं. करडी पोनी हा शाप आहे, रात्री लिदीतच झोपते आणि सकाळी पुठ्ठ्यावर हिरवा नकाशा. जांभळट शाम्पू मिळतो, जपून. एकदा विसरून जास्त वेळ ठेवला आणि घोडी फिकट जांभळी झाली. पांढऱ्या पायांवर खडूची पूड, खुरांना साधं तेल. काळं पॉलिश नको.

मोहरकी की लगाम?

पोनी दोन वर्षांखालची असेल तर तोंडात लोखंड घालू नका. चामड्याची मोहरकी बास. मोठ्या घोड्या आणि खच्ची केलेले घोडे यांना सुबक लगाम चालतो. फेल, हायलँड, शेटलँडच्या तरुण पोनींना पांढरी सुती मोहरकी घालायची जुनी रीत आहे आणि ती मला सगळ्यात देखणी वाटते. वळू घोड्याला लगाम लागतोच, आणि तो मुलांच्या हातात देत नाहीत. वयाची अट शोच्या पत्रकात छापलेली असते.

मी काय घालू? साडी चालेल का?

हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच. साडी नको, पदर फडफडला की पोनी बुजते आणि पळताना निऱ्या पायात येतात. बांगड्या आणि पैंजणही घरी ठेवा. ट्वीडचा कोट, शर्ट-टाय, फिकट रंगाची पँट, हातमोजे, टोपी. मुलांना सुरक्षेचं हेल्मेटच. हातमोजे शोभेचे नाहीत, दोरी सरसर निसटली तर तळहात सोलवटतो. रंग पोनीला उठाव देणारे असावेत, तुम्हाला नव्हे.

बुटांबद्दल मात्र मनापासून सांगतो. पहिल्या शोला मी ऑफिसचे चामडी तळव्याचे बूट घालून गेलो होतो. ओलं गवत, दुडकी चाल, आणि मी जजच्या पायाशी साष्टांग. फर्न जागीच थांबली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चरायला लागली. जजनं हात देऊन उठवलं आणि म्हणाला की पोनी फार गुणी आहे. तेव्हापासून रबरी तळवे.

रिंगणात गेल्यावर काय काय होतं?

सगळे एकामागून एक घड्याळाच्या दिशेनं चालतात. जज मधे असतो आणि तुम्ही पोनीच्या डाव्या बाजूला, म्हणजे बाहेरून, त्यामुळे त्याच्या आणि पोनीच्या मधे तुम्ही येत नाही. पुढच्या पोनीपासून दोन पोनींच्या लांबीइतकं अंतर ठेवा. पुढे कुणाच्या शेपटीला लाल फीत दिसली तर आणखी लांब राहा, ती लाथ मारते असा इशारा आहे. हिरवी फीत म्हणजे पोनी नवखी.

मग एकेकाला दुडकी चालीत पाठवतात, आणि मदतनीस खूण करून रांगेत उभं करतो. ही रांग तात्पुरती. त्यानंतर तुमची पाळी: जजसमोर जाऊन उभं करायचं, तो विचारतो, "वय काय?" पोनीचं वय इथे वाढदिवसानं मोजत नाहीत, 1 जानेवारीला सगळ्या पोनी एकदम वर्षानं मोठ्या होतात. मेमध्ये जन्मलेलं शिंगरूही जानेवारीत एक वर्षाचं. उत्तर थोडक्यात द्या, तिची आजी कुणाची वगैरे सांगत बसू नका. जज पाय, खूर, कधी दात बघतो. मग सरळ चालत दूर, उजवीकडे वळून, दुडक्या चालीत सरळ जजच्या दिशेनं परत, त्याला ओलांडून रांगेमागून आपल्या जागी. जज बाजूला होईल, घाबरून तुम्ही वाकडे होऊ नका.

बाकीच्यांची पाळी चालू असताना पोनीला अगदी ताठ ठेवायची गरज नाही, पण चरू देऊ नका. आणि फोन बघू नका. जज मधूनच रांगेकडे नजर टाकतो, आणि तेव्हाच तुमची पोनी कुबड काढून डुलकी घेत असते.

शेवटी पुन्हा गोल, आणि या वेळी बोलावतील तो खरा क्रम. लाल रोझेट (बक्षिसाचं फितीचं फूल) पहिल्याला, निळं दुसऱ्याला, पिवळं तिसऱ्याला. अमेरिकेतल्या भाच्याला फोटो पाठवलात तर तो लाल बघून "दुसरा आलात का?" विचारेल, तिथे निळा पहिला.

दुसरा आलो तरी परत का बोलावलं?

चॅम्पियनशिपसाठी. प्रत्येक वर्गातले पहिले दोन पुन्हा येतात. चॅम्पियन निवडला की त्याच्या वर्गातला दुसरासुद्धा राखीव चॅम्पियनच्या, म्हणजे चॅम्पियनखालोखालच्या मानाच्या, शर्यतीत येतो, कारण तो फक्त चॅम्पियनकडूनच हरलेला असतो. लोक दुसरं रोझेट घेऊन ट्रेलरमध्ये सामान भरतात आणि तिकडे नाव पुकारत राहतात. आमचंही एकदा हुकलं आहे.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. झेपेल का?

छोटी, शांत पोनी असेल तर 'यंग हँडलर' वर्गापासून सुरुवात करा. त्यात गुण पोनीला नसतात, मूल कसं धरतं, कसं वळतं, जजला कसं उत्तर देतं याला असतात. गावच्या पोनी क्लबच्या शोमध्ये हे वर्ग सहसा असतात. घरी सराव करताना पोनीशी कोणत्या भाषेत बोलायचं ते आधी ठरवा. आमच्या लेकीनं सगळं मराठीत शिकवलं. पुढे शेतकऱ्याच्या नातवानं फर्नला रिंगणात नेलं, 'स्टँड' म्हणून घसा कोरडा केला, घोडी चालतच राहिली. कुंपणाबाहेरून लेक ओरडली, "थांब!" शेतकरी अजून ते 'टॅम' असं म्हणतो, पण घोडी त्यालाही थांबते.

कागदपत्रं कोणती?

पासपोर्ट पोनीसोबत प्रवासात हवाच, हा कायदा आहे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2020 पासून प्रत्येक घोड्याला मायक्रोचिपही सक्तीची. फ्लूच्या लसीची नोंद पासपोर्टमध्ये असावी. शेवटची लस किती जुनी चालते ते त्या त्या शोच्या पत्रकात पाहा. जातीच्या वर्गात उतरायचं तर त्या जातीच्या सोसायटीत नोंदणी लागते, वेल्शसाठी 1901 साली स्थापन झालेली वेल्श पोनी अँड कॉब सोसायटी. नोंदणी नसलेल्या पोनीसाठी गावच्या शोमध्ये वेगळे वर्ग असतात, तिथे जा. मोठ्या शोची प्रवेशिका कित्येक आठवडे आधी बंद होते.

सोबत काय न्यायचं?

घरचं पाणी आणि स्वतःची बादली. स्ट्रँगल्ससारखे (घोड्यांचा घशाचा संसर्गजन्य आजार) रोग बादलीतून पसरतात, दुसऱ्याची बादली कितीही प्रेमानं पुढे केली तरी नको म्हणा. गवताची जाळी, जादा दोरी, ब्रश, जुना टॉवेल, नंबर बांधायला नाडी. थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठ. बर्गरच्या रांगेत उभे असताना तुमचा वर्ग पुकारतात, नेहमीच. आणि ट्रेलरमध्ये चढायचा सराव आधीच्या महिन्यात करा. शोच्या पहाटे पाच वाजता पोनी फळीवर पाय ठेवायला नाही म्हणाली की घरातलं कुणीच कुणाशी बोलत नाही.

पोनीनं रिंगणात गोंधळ घातला तर?

मोठं वर्तुळ घेऊन चालत राहा, श्वास सोडा, दोरी सैल करा. ओढाताण वाढली तर जजला सांगून बाहेर पडा, त्यात कमीपणा नाही. छडी दाखवायला असते, मारायला नाही.

निकाल पटला नाही तर विचारावं का?

वर्ग संपल्यावर, जजला फुरसत असेल तर, "पुढच्या वेळी काय सुधारू?" एवढंच विचारा. "आमचा नंबर का नाही?" असं नको. वीतभर दोरीची गोष्ट आम्हाला अशाच एका प्रश्नातून कळायला सुरुवात झाली.

भारतातून आई-बाबा येणार आहेत. एकच शो दाखवायचा तर कोणता?

जुलैतला रॉयल वेल्श, बिल्थ वेल्सजवळ लॅनेलवेद इथे. 1963 पासून तो तिथेच भरतो. सेक्शन डीचे वळू घोडे रिंगणात येतात तेव्हा सगळा डोंगरउतार माणसांनी भरलेला असतो, आणि एखादा कॉब गुडघे उचलत, धरणाऱ्याला जवळजवळ उडवत निघाला की लोक शिट्ट्या आणि आरोळ्या देतात. बाबांना तिथे सारंगखेडा आठवेल. घडीच्या खुर्च्या, रेनकोट आणि उन्हाची टोपी, तिन्ही न्या. सकाळी लवकर पोचा, गाडी लांब लावावी लागते, आणि आईच्या गुडघ्यांचा विचार करून बसच्या थांब्याजवळ उतरा.